देवाचं नाव आलं म्हणून कान बंद करायचे?

बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसाने येशूची गाणी ऐकावीत का, हा प्रश्न आपल्या पोरांमध्ये अधूनमधून निघतो. बहुतेक वेळा थट्टेत निघतो आणि थट्टेतच विरतो. ‘काय भाऊ, चर्चला जायला लागलात काय?’ एवढ्यावर विषय संपतो. मला तो तिथे संपवायचा नाही. कारण या थट्टेखाली एक पक्का समज बसलेला आहे: ईश्वर न मानणाऱ्याने ईश्वराचं गाणं आवडीने ऐकलं, तर तो एकतर ढोंगी, नाहीतर घसरणीला लागलेला. दुसऱ्या टोकाला ‘रसिक’ मंडळी बसलेली असतात. ती म्हणतात, शब्दांकडे कशाला लक्ष देता, नुसता सूर बघा. या दोघांशीही माझं भांडण आहे.

उदाहरण म्हणून एकच गाणं घेऊ. टेक्सासमधल्या फोर्ट वर्थचा ब्लॅक गायक लिऑन ब्रिजेस, त्याचं ‘रिव्हर’. २०१५ साली आलेल्या ‘कमिंग होम’ या त्याच्या पहिल्या अल्बममधलं हे शेवटचं गाणं. नाव होण्याआधी हा माणूस हॉटेलात भांडी घासत होता. गाण्यात फार काही वाजत नाही. एक साधी गिटार, आपल्या खंजिरीची बहीण शोभेल असं टॅम्बोरिन आणि मागून साथ धरणारा आवाज. गाणारा लांबून चालत आलाय, थकलाय, जुना माणूस मागे टाकून त्याला त्या नदीपाशी जायचंय. ही बाप्तिस्म्याची नदी आहे, त्यात काही आडपडदा नाही. ‘नदी म्हणजे निसर्ग’, ‘नदी म्हणजे आयुष्याचा प्रवाह’ असला गुळगुळीत अर्थ काढून मी ते ऐकत नाही. गाणारा त्याच्या ख्रिस्ती देवाशी बोलतोय आणि मी तो देव मानत नाही, हे आधीच साफ असू द्या. बाकीचा अल्बम मला थोडा इस्त्री केलेला वाटतो. साठच्या दशकातले कपडे, साठच्या दशकातला आवाज. या एका गाण्यात ती इस्त्री मोडते.

आधी आपल्या लोकांशी बोलतो. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या प्रतिज्ञांमध्ये देवांबद्दल जे आहे, ते मानण्याबद्दल आणि उपासनेबद्दल आहे. अमुक देवांना मी देव मानणार नाही, त्यांची उपासना करणार नाही. ऐकणार नाही, वाचणार नाही, समजून घेणार नाही, अशी प्रतिज्ञा त्यात कुठेही सापडायची नाही. ज्या माणसाने वेद, स्मृती, पुराणं उलटीपालटी करून ‘रिडल्स’ लिहिलं, त्याच्या अनुयायांनी दुसऱ्याचा शब्द कानावर पडू नये म्हणून कानात बोटं घालायची? कानात तापलेला रस ओतायची शिक्षा कुणी, कुणासाठी लिहून ठेवली होती ते आपल्याला चांगलं ठाऊक आहे. तो आपण आपल्याच हाताने ओतून घ्यायचं काही कारण नाही.

शिवाय बाबासाहेबांनी धर्म ही गोष्ट सरसकट फेकून दिली नव्हती. १९३६ च्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये ते नियमांचा धर्म आणि तत्त्वांचा धर्म असा फरक करतात, आणि पहिल्याला धर्म म्हणायलाच नकार देतात. म्हणजे ‘यात देव आहे की नाही’ एवढं बघून निकाल लावणं ही आपली पद्धत नव्हे. आपला प्रश्न पुढचा आहे: हा देव माणसाकडून काय करून घेतो? वाकवतो, की उभं करतो?

आता रसिकांकडे वळू. हे भांडण जास्त कडू आहे. ‘मी नास्तिक आहे, मला शब्दांशी देणंघेणं नाही, आवाज काय लागलाय बघा’ असं म्हणणारा माणूस स्वतःला फार उदार समजत असतो. त्याला एक जुनं पुस्तक दाखवावंसं वाटतं. १८०७ साली लंडनमध्ये ब्रिटिश वेस्ट इंडीजमधल्या गुलामांसाठी म्हणून खास बायबल छापलं गेलं. त्यातून मोशेने इजिप्तच्या गुलामांना सोडवून नेल्याची कथा गाळून टाकलेली होती; धन्याची आज्ञा पाळा हे मात्र शाबूत ठेवलं होतं. मालकांना शब्दांची ताकद नेमकी कळली होती, म्हणून त्यांनी कात्री चालवली. दोनशे वर्षांनी हेडफोन लावून बसलेला रसिक तीच कात्री चालवतो, फक्त प्रेमाने. त्याला काळ्या माणसाचा गळा हवाय, त्याची तक्रार नकोय.

फ्रेडरिक डग्लस हा गुलामीतून पळून आलेला माणूस. १८४५ च्या आपल्या आत्मकथेत त्याने याच रोगावर बोट ठेवलंय. उत्तरेत आल्यावर त्याला नवल वाटलं ते याचं, की गुलाम गातात म्हणजे सुखात असणार, असं लोक खरोखर मानत होते. तो सांगतो की गुलाम सर्वात जास्त गातात ते सर्वात दुःखी असताना. पुढच्या आत्मकथेत त्याने हेही उघड केलं की त्यांच्या गाण्यातला ‘कनान’ देश म्हणजे उत्तरेकडची मुक्त भूमी. तशीच नदी. ओहायो नदीच्या एका काठावर गुलामी होती आणि दुसऱ्या काठावर नव्हती. बायबलमधली यार्देन नदी ओलांडायची गोष्ट गाणाऱ्याला भूगोलाच्या पुस्तकातून शिकावी लागत नव्हती. शब्द सोडून नुसता सूर ऐकणारा या काठावरून त्या काठावर कसा जाणार?

तरी एक शंका उरते: हा देव मुळात मालकाचाच होता ना? होता. आणि मालकांनी त्याचा बंदोबस्त कायद्याने केला होता. १६६७ साली व्हर्जिनिया वसाहतीने कायदाच केला की बाप्तिस्मा घेतल्याने गुलामाची गुलामी सुटत नाही. असा कायदा करावा लागला, यातच सगळं आलं. पाण्यात बुडवून बाहेर काढलेला माणूस आपल्यासारखाच माणूस ठरेल की काय, ही भीती धन्यांना होती. पाण्याने माणूस माणूस ठरण्याची भीती म्हणजे काय, हे महाडवाल्यांना समजावून सांगायची गरज नाही. २० मार्च १९२७ नंतर चवदार तळ्यात पंचगव्याच्या घागरी कशासाठी रिकाम्या केल्या होत्या?

पुढे ब्लॅक लोकांनी तो देव मालकाच्या घरातून बाहेर काढला. फिलाडेल्फियाच्या चर्चमध्ये प्रार्थना करत असलेल्या काळ्या माणसांना गुडघ्यांवरून ओढून उठवलं, तेव्हा रिचर्ड अ‍ॅलन आणि त्याचे साथी बाहेर पडले आणि त्यांनी आपलं चर्च उभं केलं. १८१६ साली आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल हा त्यांचा स्वतंत्र पंथ झाला. आत घ्या म्हणून पायरीवर बसून राहिले नाहीत. स्वतःची इमारत, स्वतःचा पैसा, स्वतःचा उपदेशक, स्वतःच्या शाळा. १९५५-५६ चा माँटगोमेरीचा बस बहिष्कार ३८१ दिवस चालला, तो चर्चच्या सभांमधून आणि चर्चच्या गाड्यांमधून. म्हणून तर बॉम्ब चर्चवर पडले. १५ सप्टेंबर १९६३ ला बर्मिंगहॅमच्या सोळाव्या रस्त्यावरच्या बॅप्टिस्ट चर्चमध्ये चार मुली मारल्या गेल्या. आणि हा इतिहास संपलेला नाही. १७ जून २०१५ ला चार्ल्स्टनच्या इमॅन्युएल चर्चमध्ये बायबल वाचायला बसलेल्या नऊ ब्लॅक माणसांना एका गोऱ्या वंशद्वेष्ट्याने गोळ्या घातल्या. ते चर्च अ‍ॅलनच्याच पंथाचं. ब्रिजेसचा अल्बम बाजारात आला तो २३ जूनला, सहाच दिवसांनी. त्या आठवड्यात ‘मला नदीवर ने’ असं म्हणणारा काळा आवाज ज्यांनी ऐकला असेल, त्यांना तो नुसता ‘सुंदर’ वाटला असेल काय?

या गाण्याचा व्हिडिओ २०१६ मध्ये आला, तो बाल्टिमोरमध्ये चित्रित केलेला. त्याच्या आदल्या एप्रिलमध्ये त्या शहरात फ्रेडी ग्रे हा पंचवीस वर्षांचा तरुण पोलिसांच्या ताब्यात जबर जखमी होऊन मेला आणि शहर पेटलं. व्हिडिओला पुढे ग्रॅमीचं नामांकन मिळालं, पुरस्कार मिळाला नाही. माझ्यासाठी महत्त्वाचं हे की नदीचं गाणं दाखवताना कुठलीही नयनरम्य नदी न शोधता ते या शहरात नेलं गेलं.

पाण्याचा विषय निघालाच आहे तर अमेरिकेतल्या पाण्याबद्दल आणखी दोन गोष्टी. २७ जुलै १९१९ ला शिकागोत मिशिगन सरोवरावर सतरा वर्षांचा युजीन विल्यम्स तराफ्यावरून तरंगत गोऱ्यांच्या बाजूच्या पाण्यात गेला. पाण्यात काही रेघ आखलेली नव्हती, पण ती सगळ्यांना माहीत होती. त्याच्यावर दगड मारले गेले, तो बुडाला आणि नंतरच्या दंगलीत ३८ माणसं मेली, त्यातली २३ ब्लॅक. आणि २०१४ मध्ये, म्हणजे काल-परवा, मिशिगन राज्यातल्या फ्लिंट या बहुसंख्य ब्लॅक शहराला पैसे वाचवायला म्हणून फ्लिंट नदीचं पाणी देण्यात आलं. जुन्या नळांमधलं शिसं त्या पाण्यात उतरलं आणि पोरांच्या रक्तात गेलं. लोक ओरडत होते तेव्हा अधिकारी सांगत होते की पाणी ठीक आहे. ‘रिव्हर’ हे गाणं फ्लिंटवर लिहिलेलं नाही. पण ज्या समाजासाठी तळं, पोहण्याचा तलाव, नळ, सगळंच पाणी भांडण करून मिळवायचं असतं, त्या समाजातला माणूस स्वच्छ पाण्यात उतरायचं म्हणतो, तेव्हा ते शब्द तिथल्या लोकांच्या कानावर कोरे पडत नाहीत.

मग श्रद्धा नसलेल्याने हे कसं ऐकायचं? त्याची वाट आधीच एकाने घालून दिलेली आहे. डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस. विल्बरफोर्स विद्यापीठात शिकवताना जाहीर प्रार्थना चालवायला त्यांनी नकार दिला होता. चर्चशी त्यांचं कधी जमलं नाही. आणि याच माणसाने १९०३ च्या ‘द सोल्स ऑफ ब्लॅक फोक’मध्ये प्रकरणांच्या माथ्यावर गुलामांच्या भजनांच्या स्वरलिपी छापल्या आणि या शोकगीतांवर एक सबंध प्रकरण लिहिलं. गाण्यातला देव त्यांनी स्वीकारला नाही आणि खोडलाही नाही. ते गाणं त्यांनी साक्ष म्हणून घेतलं. कोर्टात साक्षीदार देवाची शपथ घेतो. न्यायाधीश नास्तिक असला तरी साक्ष नोंदवतोच ना? कोर्ट, पोलीस, मालक, शेजारी, कुणीच ऐकून घ्यायला तयार नव्हतं, तेव्हा त्या लोकांनी एक ऐकणारा उभा केला आणि त्याच्यासमोर सगळं सांगितलं. तो ऐकणारा आहे की नाही यावर माझा त्यांच्याशी मतभेद आहे. सांगितलेलं खरं आहे, यावर नाही.

याच ड्यू बॉइसना १९४६ साली बाबासाहेबांनी पत्र लिहिलं, संयुक्त राष्ट्रांकडे गेलेल्या ब्लॅक लोकांच्या अर्जाची प्रत मागितली, आणि अस्पृश्यांची स्थिती व तुमची स्थिती यात किती साम्य आहे हेही लिहिलं. त्याच्याही आधी, १८७३ मध्ये, जोतीरावांनी ‘गुलामगिरी’ अमेरिकेत गुलामी मोडणाऱ्या लोकांना अर्पण केली. १९७२ मध्ये आपल्या पोरांनी पँथर हे नाव घेतलं. म्हणजे हे गाणं आपल्यासाठी परदेशी चैनीची वस्तू नाही, आपल्या ओळखीतल्या घरातलं आहे.

आता खरा अवघड सवाल. ‘गॉस्पेल चालतं, मग अभंग का नाही चालत? चोखोबानेही देवालाच हाक मारली ना?’ हा सवाल वारकरी मित्र विचारतात, आणि त्याला बगल देणं बरं नाही. चोखोबा आपण टाकलेला नाही. १९४८ चं ‘द अनटचेबल्स’ बाबासाहेबांनी नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीला अर्पण केलं. पण त्याच बाबासाहेबांनी गांधींना दिलेल्या उत्तरात संतांचं मोजमापही स्पष्ट केलं: त्यांनी देवापुढे सगळे समान म्हटलं, माणसामाणसातल्या समतेसाठी जातीवर हल्ला केला नाही. माझ्या दृष्टीने फरक घराचा आहे. चोखोबाची समाधी देवळाच्या दारासमोर आहे, आत नाही, आणि ते दार अस्पृश्यांना उघडायला १९४७ साल आणि साने गुरुजींचं उपोषण लागलं. ज्या देवळाने त्याला बाहेर ठेवलं तेच देऊळ आज त्याचे अभंग गातं आणि मोठेपणा मिळवतं. रिचर्ड अ‍ॅलनचं गाणं अ‍ॅलनच्या घरात गायलं गेलं. चोखोबाचा आवाज मी ऐकतो, कर्ममेळ्याचा राग तर आणखी कान देऊन ऐकतो. पण तो ऐकून ‘बघा, आमच्या परंपरेत भेद नव्हता’ असं म्हणणाऱ्याच्या ताटात तो वाढायला मी तयार नाही. गॉस्पेललाही हाच नियम. गरिबी ही श्रद्धा कमी पडल्याची खूण आहे, देणगी दे आणि श्रीमंत हो, असं सांगणारा धंदेवाईक गॉस्पेल आज अमेरिकेत भरपूर आहे. तो कितीही सुरेल असो, माझ्या उपयोगाचा नाही.

‘रिव्हर’मधली एक गोष्ट मात्र मला आजही टोचते: पाण्याने पाप धुण्याची कल्पना. यावर आपल्याकडे अडीच हजार वर्षांपूर्वीचं उत्तर आहे आणि ते एका दासीने दिलंय. थेरीगाथेतली पुन्निका. मालकिणीच्या माराच्या भीतीने ती कडाक्याच्या थंडीत नदीत उतरून पाणी भरायची. तिथे पाप धुवायला आलेल्या, थंडीने कुडकुडणाऱ्या ब्राह्मणाला ती विचारते की पाण्याने पाप जात असेल तर बेडूक, कासवं आणि मगरी केव्हाच स्वर्गात पोचल्या असतील; आणि नदी पाप नेत असेल तर पुण्यही नेईल की. एका दासीने घाटावरच्या सगळ्या धंद्याचं दुकान दोन वाक्यांत बंद केलं. मी पुन्निकेच्या बाजूचा आहे. नदी काही धूत नाही, गंगा नाही आणि यार्देनही नाही.

पण पुन्निका ज्याच्याशी बोलत होती तो कोण होता आणि ब्रिजेसच्या गाण्यात बोलणारा कोण आहे, हेही बघायला हवं. ब्राह्मणाला शुद्धीचा हक्क जन्माने मिळालेला होता. तो फक्त त्याची डागडुजी करायला आला होता. इकडे ज्या माणसाच्या पूर्वजांना कायद्याने मालमत्ता ठरवलं, तो म्हणतोय की मी चुकलो, मी बदलू शकतो. बैल चुकत नाही, नांगर चुकत नाही. चूक माणूसच करू शकतो. आपल्या बऱ्यावाइटाचा हिशेब आपल्याकडे आहे असं म्हणणं, हा त्या समाजात माणूसपणाचा दावा होता. त्या दाव्यासाठी बाप्तिस्मा लागतो असं मी मानत नाही, आम्ही तो दीक्षाभूमीवर पाण्याशिवाय केला. पण दावा मला ओळखू येतो.

शिवाय शब्द दगडावर कोरलेले नसतात. गॉस्पेलला ब्लूजचा बाज देणारा थॉमस डॉर्सी आधी ‘जॉर्जिया टॉम’ नावाने दारूच्या अड्ड्यांवरचं संगीत वाजवायचा. तो बाज त्याने चर्चमध्ये आणला तेव्हा चर्चवाल्यांनीच नाकं मुरडली. १९३२ मध्ये बायको आणि नवजात बाळ एकदम गेल्यावर त्याने लिहिलेलं ‘प्रेशस लॉर्ड’ हे गाणं १९६८ मध्ये महालिया जॅक्सनने मार्टिन ल्यूथर किंग यांच्या अंत्यविधीत गायलं. १९६१ मध्ये जॉर्जियातल्या अल्बनी गावात बर्निस जॉन्सन रेगनने चर्चचं एक जुनं गाणं म्हणता म्हणता ‘संकट’ या शब्दाच्या जागी ‘स्वातंत्र्य’ घातलं, आणि ते चळवळीचं गाणं झालं. आपल्याकडे वेगळं काय घडलं? कव्वाली दर्ग्यातली, ती भीमजयंतीच्या मंचावर आली आणि रात्र रात्र सामने रंगले. प्रल्हाद शिंदेंचा गळा विठ्ठलालाही गायला आणि भीमालाही. वामनदादांनी लोकांच्या ओठावरच्या चाली उचलल्या आणि त्यात बाबासाहेब ठेवले.

या भीमगीतांवरही नेमका तोच आरोप होतो: ‘तुम्ही बाबासाहेबांचा देव केला.’ आरोप करणाऱ्यांना त्या गाण्यातला पाणवठा, शाळा, वही, मतपेटी ऐकू येत नाही, फक्त हात जोडलेले दिसतात. यातले बरेच लोक जाझ महोत्सवाची तिकिटं काढतात, गॉस्पेलची मंडळी आली की डोळे मिटून डोलतात आणि बाहेर पडताना म्हणतात की यात केवढा इतिहास आहे. डीजेच्या भिंतींची तक्रार वेगळी, ती मीही करतो. पण चौदा एप्रिलला कोपऱ्यावर एखादा म्हातारा गायक नुसत्या पेटी-ढोलकीवर गात असतो, तेव्हाही यांच्या खिडक्या धाडधाड लागतात. त्या कशासाठी, हे त्यांनी एकदा सांगावं.